कबूल : वाहेद शेख

गेवराई,
४ ऑगस्ट २०२५

सत्यशीलाताई,

नमस्कार. पाकीट बघून तू घाबरशील, कारण आपल्या घरात पत्र आलं की कोणीतरी गेलेलं असतं. तसं काही नाही. घरी मामा-मामी ठीक आहेत, मीही ठीक आहे. पत्र एवढ्यासाठी, की मला जे विचारायचं आहे ते मालकांच्याच लाइनवरून तुला पाठवणं मला बरोबर वाटत नाही. माझा मोबाइल ऑफिसच्या वायफायवर असतो. कोण काय वाचतं ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही तोवर जपून राहिलेलं बरं.

तुला ठाऊक आहे, बारावीत नापास झाल्यापासून मी मोहनरावांच्या केबल-इंटरनेटच्या ऑफिसात बसतो. तेवीस गावांत आमच्या पेट्या आहेत. प्रत्येक पेटीतून त्या गावातल्या घरांना, शाळेला, सेतू केंद्राला लाइन जाते. आतापर्यंत पेटी बंद पडली की गावातून शिव्यांचा फोन यायचा आणि मग आम्हाला कळायचं. गेल्या महिन्यात पीक विम्याच्या फॉर्मांच्या वेळी उमापूरची पेटी इतक्यांदा बंद पडली की सेतूवाला माणसं घेऊन ऑफिसात आला. मालक मला म्हणाले, कोण बंद करतंय ते मला पाहिजे.

मग तू नाशिकच्या दवाखान्यात जे सॉफ्टवेअर सांभाळतेस, तेच मी एका जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं. चार दिवस लागले. प्रत्येक आज्ञा आधी वहीत लिहिली, तीनदा वाचली, मगच टाइप केली. आता ते दर मिनिटाला तेवीस पेट्यांना हाक मारतं. पेटीने ओ दिली तर हिरवं, नाही दिली तर लाल, आणि लाल झालं की आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा.

मालक खुर्ची ओढून माझ्यामागे बसले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, केवढ्याला आणलं? मी म्हणालो, फुकट आहे. त्याचा कोडसुद्धा उघडा आहे, जगात कोणीही वाचू शकतो. तेव्हा ते म्हणाले, "फुकट कावून देतेत बे? त्यांचा काय फायदा हाय त्यात?"

ताई, खरंच, त्यांचा काय फायदा आहे? आपल्या पेट्यांची माहिती कुठे बाहेर जात नाही ना? हे मला तुझ्याकडून लेखी पाहिजे.

तुझा,
अमर


नाशिक,
१२ ऑगस्ट

प्रिय अमर,

लेखी दिलं : माहिती कुठेही जात नाही. ती तुझ्या त्या जुन्या डब्यातच राहते आणि डबा जळला तर जळेल, म्हणून दर रविवारी त्याची प्रत काढून ठेव. फायदा म्हणशील, तर ज्यांनी ते लिहिलं त्यांनाही त्यांच्या पेट्या बघायच्या होत्या. मोहनरावांना सांग, गावात एकाने बोअर घेतलं आणि शेजाऱ्यांना पाणी भरू दिलं, तसं आहे. पटणार नाही त्यांना. माझ्या साहेबांनाही पटलं नव्हतं.

आणि तुझे मेसेज कोणी वाचत नाही रे. तरी मी पत्रच लिहिते. इथे सर्व्हरच्या खोलीत जाताना मोबाइल गेटवर जमा करतात, दुपारच्या सुट्टीत हातात फक्त पेन असतं. बरं वाटतं.

कामाचं सांगते. एक, इशारा आला की कोणीतरी "मी बघितलं, मी बघतो" असं बटण दाबलं पाहिजे. इंग्रजीत त्याला ॲक्नॉलेज म्हणतात. दाबलं की त्याचं नाव त्या घटनेसमोर लागतं आणि इशारे थांबतात. दहा मिनिटांत कोणीच दाबलं नाही तर इशारा मालकांकडे जाईल, अशी सोय करून ठेव. माणसं लगेच शिस्तीला लागतात. दोन, बटणाजवळ शेऱ्याची चौकट असते, तिथे कारण लिहायला लाव. तीन, तुमच्या लाइनमनना इंग्रजी जमत नसेल तर शब्द मराठी करून दे. ते सॉफ्टवेअर तेवढं करू देतं.

चार, मोहनरावांना आत्ताच सांगून ठेव, की हे यंत्र कधी बंद पडलं ते सांगतं. कोणी पाडलं ते सांगत नाही.

तुझी,
ताई


गेवराई,
२२ ऑगस्ट

ताई,

तुझ्या चार गोष्टींपैकी तीन केल्या. चौथी मालकांना सांगायची राहिली, कारण ते त्या वेळी फोनवर होते.

मराठी करण्यात तीन दिवस गेले, पण काम नीट झालं. होस्ट म्हणजे ठिकाण, डाउन म्हणजे बंद, अलर्ट म्हणजे इशारा. ॲक्नॉलेज या शब्दावर फार अडलो. शब्दकोशात दोन अर्थ होते. एक कबूल करणे, दुसरा पोच देणे. आता पोच लिहायचं, पोहोच लिहायचं की पोहच, हे मला तीन पुस्तकं बघूनही ठरवता आलं नाही. सगळीकडे वेगळं. चुकीचा शब्द पडद्यावर कायमचा राहिला असता. कबूल मात्र पक्का आहे, क ऱ्हस्व, बू दीर्घ. म्हणून कबूल ठेवलं.

शेऱ्याची चौकट दोन्ही लाइनमनना दाखवली. पप्पू काही लिहीतच नाही. वाहेद लिहितो, पण काय लिहितो, ताई. लाईट, गेलि, नाहि. मालकांपुढे जाणाऱ्या कागदावर असं शोभणार नाही, म्हणून महिन्याच्या अहवालातून शेऱ्याचा रकानाच काढून टाकला. आता अहवाल स्वच्छ दिसतो : ठिकाण, बंद, चालू, कबूल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वाहेद शेख उमापूरचाच आहे. आई अमीरबी फळं विकते, हा गेली सहा वर्षं आमच्याकडे लाइनमन. चांगला आहे असंच मी समजत होतो. पण उमापूरची पेटी रोज बंद पडते आणि वेळा ठरलेल्या आहेत. आठवड्यातले चार दिवस पहाटे पाच ते आठ, तीन दिवस संध्याकाळी सात ते दहा. कोणी दुरुस्तीला जात नाही, तरी तीन तासांनी आपोआप चालू होते. बिघडलेली वस्तू आपोआप नीट होते का? कोणीतरी बंद करतं आणि कोणीतरीच चालू करतं.

आणि प्रत्येक वेळी कबूल कोण दाबतं? वाहेद. पहाटे पाच वाजता, एका मिनिटाच्या आत. इशारा येणार हे माहीत असल्यासारखा. मी परवा सहज विचारलं, तू एवढ्या पहाटे जागा कसा असतोस? तो हसला आणि म्हणाला, "तुज्या मशिनचं भेव लई. न्हाई दाबलं तर मालकाला जातंय म्हनं." मला ते हसणं बरोबर वाटलं नाही.

दुसऱ्या एका कंपनीने उमापुरात खांब टाकायला सुरुवात केली आहे. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवतो. तू काय म्हणतेस?

अमर

ता. क. तुझ्या पत्रात "सुट्टी" आहे. सुटी लिहिलेलं जास्त बरोबर.


नाशिक,
२९ ऑगस्ट

अमर,

सुटी. बरं.

घाईत आहे. नवीन सर्व्हर आले आहेत, त्यामुळे दोन ओळीच. तू लिहितोस ते विचित्र आहे खरं. आमच्याकडे मागच्या वर्षी असंच झालं होतं. मागच्या इमारतीचा स्विच ठरावीक वेळी बंद पडायचा आणि दर वेळी कळवायला पहिला येणारा माणूस एकच, तिथला वॉचमन. शेवटी त्याच्यावरच संशय आला आणि त्याला काढलं. एका मिनिटात दाबणाऱ्यावर लक्ष ठेवायला हरकत नाही.

पण अहवालाची एक प्रत मला पाठव. आणि मी बघेपर्यंत मालकांना काही देऊ नकोस.

ताई


गेवराई,
८ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. अहवाल मी एक तारखेलाच दिला होता, महिना संपला की द्यायचा असं ठरलं होतं. प्रत सोबत आहे.

तुझा वॉचमन आणि आमचा वाहेद एकच निघाले.

झालं असं. एक तारखेला कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. ते चष्मा लावून एकेक ओळ बोट फिरवत वाचत होते. मी बाहेरच्या खोलीत आलो. तासाभराने त्यांनी आत बोलावलं. त्यांचा पुतण्या विजयसिंह तिथे बसला होता. गावोगावच्या पेट्या त्यानेच बसवल्या आहेत. मालक शांतपणे म्हणाले, "वाहेदनं तर सगळं कबूलच केलंय की."

म्हणजे मी बाहेर बसलो होतो तेवढ्यात त्यांनी फोन लावून विचारलं असणार आणि त्याने सांगून टाकलं असणार. मी काही विचारलं नाही. मालक चिडलेले असले की मी विचारत नाही. विजयसिंह म्हणाला, मी तर कधीचा सांगतोय, काका. तो लगेच जीप घेऊन उमापूरला गेला आणि वाहेदची गाडीची किल्ली, शिडी आणि अवजारांची पिशवी घेऊन आला. सोबत गेलेल्या पप्पूने तिथल्या हॉटेलात चहा पिता पिता चार माणसांना सांगितलंही, की वाहेदने लाइन तोडल्याचं कबूल केलं, त्या दुसऱ्या कंपनीसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाहेद बसने ऑफिसात आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "अमर, म्या काय कबूल केलं ते तरी सांग मला."

मी म्हणालो, "तुलाच माहीत."

तो मागे वळला. मग पायऱ्या उतरून गेला. ताई, इतका चांगला अभिनय मी पाहिला नाही.

मालकांना आता पोलिसांत तक्रार द्यायची आहे. लेखी अर्ज मी लिहायचा आहे, कारण माझं अक्षर आणि शुद्धलेखन चांगलं आहे. आठवडा मागून घेतला आहे.

एक गोष्ट मात्र समजत नाही. वाहेदला काढून सात दिवस झाले. उमापूरची पेटी अजून बंद पडते. वेळा त्याच. म्हणजे जाताना त्याने काहीतरी करून ठेवलं असणार, किंवा त्याचा गावात कोणी साथीदार आहे.

मोबाइल मी बंद करून ट्रंकेत ठेवला आहे. कोणाचा फोन येईल सांगता येत नाही.

अमर


नाशिक,
११ सप्टेंबर
स्पीड पोस्ट

अमर,

काल दुपारपासून तुला अकरा फोन लावले. मामांना लावला तर म्हणाले, त्याने मोबाइल ट्रंकेत टाकलाय, काही बोलत नाही. म्हणून हे. वाच आणि लगेच ऊठ.

तो अर्ज लिहू नकोस.

तू पाठवलेला अहवाल माझ्यासमोर आहे. एखाद्या परक्या माणसासारखा तो वाच. "ठिकाण : उमापूर. बंद : पहाटे ५.०२. कबूल : वाहेद शेख." अशा चौदा ओळी. मोहनरावांनी वाहेदला फोन केलाच नाही, अमर. त्यांनी तुझा कागद वाचला. पहाटे पाचला पेटी बंद केली आणि वाहेद शेखने ते कबूल केलं, असं त्यावर लिहिलंय. तू लिहिलंयस. मीही दुसरं काही समजले नसते.

शब्द पोच असा हवा होता. इशारा पोचला, एवढाच त्याचा अर्थ. प ला ओकार, मग च. तू अडलास तिथे मला एक ओळ टाकायची होतीस. आणि तू तो शब्द मला कळवलास, तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. तेवढं माझं.

आता वेळा बघ. चार दिवस पहाटे, तीन दिवस संध्याकाळी, दर आठवड्याला तसंच. आपले आबा शेताला पाणी भरायचे ते आठवलं. आठवड्यातले चार दिवस शेतीची लाइट दिवसा, तीन दिवस रात्री, आणि तीही आठच तास. तू काय शहरात वाढलास का रे? ही माणसाची वेळ नाही, मोटारीच्या लाइटची आहे. लाइट गेली की पेटी बॅटरीवर चालते, तेरा तासांनी बॅटरी उतरते, पेटी बंद. लाइट आली की आपोआप चालू. उमापूरची पेटी कोणीतरी गावठाणाच्या लाइनऐवजी शेतीच्या लाइनवर जोडली आहे.

वाहेदचं नाव चौदा वेळा का, तर बटण दाबणारा तो एकटाच होता म्हणून. पप्पूचं नाव एकदाही नाही. तुझ्या अहवालात ज्याने काम केलं तोच दिसतो.

तू काढून टाकलेला शेऱ्याचा रकाना उघड. त्याने काय लिहिलंय ते वाच.

आणि एक. त्या वॉचमनची गोष्ट मी तुला अर्धीच लिहिली. त्याला काढल्यावरही तो स्विच बंद पडतच राहिला. वरची टाकी ज्या वेळी भरून वाहायची, त्या वेळी मागच्या पत्र्यावरून पाणी गळत होतं. त्याला परत बोलवायला कोणी गेलं नाही, मीही नाही. ते लिहायला लाज वाटली म्हणून तिथेच थांबले. लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

ताई


गेवराई,
१६ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र तेराला दुपारी आलं. उभ्यानेच वाचलं. मग शेऱ्याचा रकाना उघडला.

जसंच्या तसं लिहितो. "मोटर ची लाईट गेलि." "मोटर ची लाईट नाहि बॅट्री उतरलि." "लाईट नाहि." असं रोज. अठरा ऑगस्टला : "विजयसिंह दादा ला सांगितल पेटी हालवा." बावीसला परत : "दादा मनले दिवाळी नंतर बघू." पंचविसाला : "आमर तू मालका ला सांग."

हे माझ्याच पडद्यावर होतं. एका टिचकीवर. मी रोज तिथे आठ तास बसतो.

दुसऱ्या दिवशी बसने उमापूरला गेलो. पेटी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आहे अशी नोंद आहे. तिथे नाही. गावाबाहेर विजयसिंहच्या सासऱ्यांच्या विहिरीवर, मोटारीच्या खोलीवर ती बसवली आहे. त्यांच्या शेतवस्तीला घरबसल्या नेट मिळावं म्हणून. स्टार्टरच्या पेटीतून निघालेली वायर लिंबाच्या झाडावरून वर गेली आहे. शेंबडं पोरही सांगेल. मी फोटो काढले आणि वाहेदच्या घराकडे न जाता परत आलो. मला धीर झाला नाही.

अहवाल नव्याने छापला, शेऱ्यासकट. आधी वाटलं, निदान गेली आणि नाही तरी सुधारावं. हात की-बोर्डवर होता. मग लक्षात आलं, सुधारलं तर ते वाहेदचं राहणार नाही, माझं होईल, आणि माझ्या कागदावर आता कोणी का विश्वास ठेवावा. तसंच छापलं.

मालकांसमोर गेलो तर विजयसिंहही होता. तो गेल्यावर जावं असं ठरवून बाहेर अर्धा तास बसलो. तो गेला नाही. मग गेलो. आधीच सांगून टाकलं, की कबूल हा शब्द माझा आहे, वाहेदने काही कबूल केलेलं नाही, त्याने फक्त इशारा पोचल्याचं कळवलं. मालकांना दोनदा सांगावं लागलं. मग कागद दिला. ते बोट फिरवत वाचू लागले. अठरा ऑगस्टच्या ओळीवर बोट थांबलं. विजयसिंह म्हणाला, काका, हे आज बसून लिहिलं असंल यानं. मालक माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "हे तवाच कावून न्हाई दावलं?"

मी म्हणालो, "मी वाचलं नव्हतं."

"कावून?"

"शुद्धलेखन फार चुकीचं होतं, मालक."

ताई, त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "म्या सातवी नापास हाय. मला वाचता आलं असतं."

फोटो त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेऊन बघितले. विजयसिंहला म्हणाले, पेटी आज हलव, तू स्वतः शिडी धर. अर्जाचं नाव काढलं नाही. मी दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाले, वाहेदला तू घेऊन ये. ज्यानं घालवला त्यानं आणायचा.

तेवढं सोपं असेल असं मला वाटत नाही.

अमर


नाशिक,
२१ सप्टेंबर

अमर,

तू गेलास ना मालकांपुढे, विजयसिंह बसलेला असताना. मला वाटलं नव्हतं.

वाहेदकडे जाताना फार बोलू नकोस. तू घाबरलास की खुलासे देत सुटतोस. त्याला तुझा शब्दकोश ऐकायचा नाही. तो काय मागतो ते ऐक आणि ते कर.

त्या वॉचमनचा पत्ता मी शोधते आहे. सापडला तर कळवीन.

ताई


गेवराई,
७ ऑक्टोबर

ताई,

उमापूरला तीनदा गेलो. पहिल्यांदा वाहेद घरात असून बाहेर आला नाही. दुसऱ्यांदा अमीरबी भेटल्या, सीताफळं वेचत बसल्या होत्या. मी काय झालं ते सांगू लागलो तर म्हणाल्या, "बेटा, ते मला नको सांगू. पहाटं पाचला मला फळं आनायला मोंढ्याच्या गाडीत बसवायला उठायचा तो. मला बसवता बसवता मोबाइल दाबायचा. मीच म्हनायची, दाब बाबा आधी, मालकाला जाईल."

तेवढ्यात तो बाहेर आला. मालकांनी बोलावलं आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, ते मला फोनवर बोललेत. मग म्हणाला, "हापिसात बोललास, ते हापिसापुरतं झालं. पप्पूनं बाजारात सांगितलंय. तू बी बाजारात सांग."

मला चार माणसांत बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. दहावीच्या निरोप समारंभात मी भाषण अर्धं सोडून खाली बसलो होतो. तरी बाजाराच्या दिवशी गेलो. कागदावर लिहून नेलं होतं. अमीरबींच्या गाड्याजवळ उभा राहिलो आणि वाचायला सुरुवात केली, पण कोणी थांबेना, लोकांना वाटलं कंपनीची जाहिरात आहे. तेव्हा कागद खिशात घातला आणि नुसतं बोललो. वाहेदने लाइन तोडली नव्हती. यंत्रात चुकीचा शब्द मी घातला होता. तो रोज खरं काय ते लिहीत होता आणि मी वाचलं नाही. सेतूवाला होता, हॉटेलवाला होता, आणखी वीसेक माणसं असतील. हॉटेलवाला म्हणाला, म्हणजे चूक तुजी आन् गेला हा? मी हो म्हणालो. एक म्हातारे हसले. दुसरे म्हणाले, मशीनच्या नादी लागू नये. मग लोक आपापल्या खरेदीला लागले. वाहेद गाड्यामागे उभा होता. सोमवारी तो कामावर आला.

पेटी आता ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आहे आणि तीन आठवड्यांत एकदाही बंद पडलेली नाही. विजयसिंह आमच्याशी बोलत नाही. पडद्यावर मी कबूल काढून पोच लिहिलं. दोघा लाइनमनना समोर बसवून अर्थ सांगितला. त्यांनी माना डोलावल्या.

पण ताई, आता बटण कोणीच दाबत नाही. पप्पू आधीही दाबत नव्हता. वाहेद इशारा आला की जातो, आधीपेक्षा लवकर जातो, शेराही लिहितो, पूर्वीपेक्षा मोठा. बटणाला मात्र हात लावत नाही. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "काम सांग, कुटंबी चढतो. नाव न्हाई देनार."

परवा दुपारी चकलांब्याची पेटी लाल झाली. आम्ही दोघेच ऑफिसात होतो. तो माझ्यासमोर बाकावर बसून चहा पीत होता, मोबाइल त्याच्या मांडीवर होता. इशारा दोघांनाही एकदमच आला. मी पडद्याकडे बघत होतो. चार मिनिटं झाली, सहा झाली. तो मोबाइलकडे बघत होता आणि मग माझ्याकडे. नववं मिनिट सुरू झालं तेव्हा मी बटण दाबलं. समोर माझं नाव लागलं. त्याने उठून माझ्या खांद्यावरून पडद्यात वाकून बघितलं, नीट, अक्षर अक्षर लावून. मग कप खाली ठेवला, शिडी खांद्यावर घेतली आणि चकलांब्याला गेला.

अमर